पेंटियम थ्रीवर आजचं लिनक्स डेस्कटॉपसकट चालेल का?

तुमच्याकडे २००१ च्या सुमाराचा, २५६ एमबी रॅमचा पेंटियम थ्री आहे आणि तो भंगारात द्यायचा नाही, असं तुम्ही लिहिलंय. देऊ नका. नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या दुकानात हिशोबाला असलेला तसाच कॉम्प्युटर मी दोन वर्षांपासून वापरतोय, माऊस-मेनूसकट.

खरी अडचण येते ती ब्राउझरची. पेंटियम थ्रीत एसएसई२ हा प्रोसेसरच्या सूचनांचा संच नाही, तो पेंटियम फोरपासून आला. आजचे फायरफॉक्स आणि क्रोमियम त्याशिवाय सुरूच होत नाहीत, मग रॅम कितीही वाढवा. डिलो किंवा नेटसर्फ हे हलके ब्राउझर टाका. साधी पानं झटकन उघडतात. बँकेचं काम मात्र मोबाइलवरच करावं लागेल.

सिस्टीम कोणती? डेबियन हे लिनक्सचं एक प्रसिद्ध रूप, पण त्याच्या १३ व्या आवृत्तीत पेंटियम थ्रीसारख्या ३२ बिट मशीनसाठी कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि इन्स्टॉलर दोन्ही राहिले नाहीत. म्हणून मी डेबियन १२ वर आधारलेलं अँटीएक्स २३ हे हलकं लिनक्स घेतलं. त्यात आइसडब्ल्यूएम नावाचा हलका विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या-मेनू सांभाळणारा प्रोग्राम, येतो. माझ्याकडे सगळं सुरू झाल्यावर शंभरेक एमबी रॅम लागते. ग्नोम, केडीई या जड डेस्कटॉपच्या वाटेला जाऊ नका. लिनक्सऐवजी नेटबीएसडी ही सिस्टीमही उत्तम, ती पेंटियमच्या आधीच्या ४८६ प्रोसेसरपासून चालते. पण सेटिंग हाताने लिहायची तयारी हवी.

मराठीचं आवर्जून सांगतो, कारण मला तेच हवं होतं. लोहित देवनागरी फॉन्ट टाकला आणि एक्सटर्ममध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) 'किराणा' लिहिलं, तर पहिली वेलांटी क च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसली. तोच शब्द अबीवर्ड या वर्ड प्रोसेसरमध्ये अगदी नीट आला. फॉन्टचा दोष नाही. अक्षरं जुळवायचं काम एक्सटर्म करत नाही, अबीवर्ड करतं. तेव्हा मराठी लिहायला अबीवर्डच उघडा.

जुन्या बायॉसला (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला) पेनड्राइव्हवरून बूट होणं बहुतेकदा जमत नाही. सीडी ड्राइव्ह मेला असेल तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा, तिथे इन्स्टॉल करा आणि परत बसवा. मी तसंच केलं.

बटण दाबण्याआधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर (छोट्या डब्यांसारखे उभे भाग) बघा. डोकं फुगलेलं दिसलं तर आधी ते बदलून घ्या. प्रोसेसरवरची पेस्ट इतक्या वर्षांत वाळून खडखडीत झालेली असते, तीही नवी लावा. आपल्या मे महिन्यात पंखा एकटा पुरत नाही. आणि मशीन कूलरच्या झोतात ठेवू नका, ओलसर हवेने आतली धूळ चिकटून बसते.

मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल तर पहिल्याच दिवशी बदला. माझा संपलेला होता. तारीख वीस वर्षं मागे गेली आणि 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणत एकही पॅकेज (इन्स्टॉल करायचं सॉफ्टवेअर) उतरेना. इंटरनेट तपासण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. नागपुरात बर्डीवर घड्याळवाल्याकडे सेल मिळतो.