नर्सिंगची फी सतरा हजार, राजीनामा पन्नास हजार

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघांकडे ग्रीन कार्ड आहे. माझं वय ४३, आयटीत आहे, पगार १,३०,००० डॉलर. पत्नी ३७ वर्षांची, भारतातून बी.कॉम., इथे मेडिकल बिलिंगमध्ये ४२,०००. मुलं ११ आणि ७ वर्षांची. पत्नीला काउंटी कॉलेजातून नर्सिंगची असोसिएट डिग्री (एडीएन) करायची आहे. दोन वर्षांत आरएन (रजिस्टर्ड नर्स) होऊन ९५,००० मिळतील, म्हणून ऑगस्टमध्ये ती नोकरी सोडतेय. फीसाठी ४०१(के)मधून (नोकरीतलं निवृत्तीचं बचत खातं) १५,००० चं कर्ज काढावं की स्टुडंट लोन घ्यावं? मुलांच्या कॉलेजची सोय आययूएल पॉलिसीत (शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) केलेली आहे (महिना ९००, चार वर्षं झाली), तिला हात लावायचा नाही. त्या हप्त्यामुळे ४०१(के)मध्ये पगाराच्या ३ टक्केच भरतो. कंपनी ६ टक्क्यांपर्यंत आपल्याइतकीच भर घालते.

उत्तर : दोन्हीपैकी एकही कर्ज काढू नका. का ते पुढे येईलच. आधी तुम्ही जाता जाता लिहिलेली शेवटची ओळ बघू.

कंपनी ६ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर द्यायला तयार आहे आणि तुम्ही ३ वर थांबलात. म्हणजे वर्षाला ३,९०० डॉलरवर पाणी. पगार एवढाच धरला तर चार वर्षांचे १५,६००. वहिनींच्या फीसाठी जेवढं कर्ज काढायचं म्हणताय, तेवढे पैसे कंपनी आपणहून देत होती आणि तुम्ही ते घेतले नाहीत. का, तर आययूएलचा हप्ता भरायचा होता.

आता ती पॉलिसी. इलस्ट्रेशनच्या (पैसे पुढे किती होतील याच्या अंदाजाच्या) पानाचा फोटो पाठवलात हे बरं केलंत. उजवीकडच्या रकान्यावर पिवळा हायलायटर फिरवलाय: ६.८ टक्के धरून पासष्टाव्या वर्षी साडेचार लाख. डावीकडचा रकाना वाचलात का? त्याच्या डोक्यावर ‘गॅरंटीड’ लिहिलंय, आणि तिथे तुमच्या एकाहत्तराव्या वर्षापासून खाली सगळी शून्यं आहेत. त्या हिशेबात पॉलिसीच संपते. ‘बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही’ हे खरं आहे. पण व्याज शून्य मिळालं त्या वर्षीही विम्याचा खर्च आणि इतर चार्जेस दर महिन्याला कापले जातातच. बाजार चढला की कॅप (व्याजाची वरची मर्यादा) आडवी येते, ती कंपनी बदलू शकते, आणि निर्देशांकातल्या कंपन्यांचा डिव्हिडंड तुमच्या हिशेबात धरला जात नाही. गणपतीच्या आरतीनंतर मंडळातल्या मित्राने हे सगळं समजावलं म्हणता. मित्र वाईट असेलच असं नाही, पण अशा पॉलिसीच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा वाटा विकणाऱ्याच्या कमिशनचा असतो, हे त्याने मोदक वाढता वाढता सांगितलं नसणार.

तुम्ही भरले ४३,२००, आज सरेंडर केली (मध्येच मोडली) तर हातात २४,०००. सरेंडर चार्ज, म्हणजे मध्येच मोडल्याबद्दलची कपात, चौदा वर्षांचा आहे. मोठं मूल सात वर्षांनी कॉलेजात जाईल तेव्हा पॉलिसी अकरा वर्षांची असेल. म्हणजे कॉलेजसाठी घेतलेल्या पैशाला ऐन कॉलेजच्या वेळी कात्री. गेलेले एकोणीस हजार विसरा.

आता नर्सिंग. वहिनींचा बेत चांगला आहे, फक्त ‘दोन वर्षं’ हा आकडा फसवा आहे. ती दोन वर्षं नर्सिंगच्या वर्गात पाऊल ठेवल्यापासून मोजतात. त्याआधी अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी एक आणि दोन, मायक्रोबायॉलॉजी, सायकॉलॉजी, इंग्रजी, बहुतेक ठिकाणी स्टॅटिस्टिक्स. शास्त्राचे विषय लॅबसकट आणि एकामागून एक. बारावी कॉमर्स असल्यामुळे त्याही आधी केमिस्ट्री लागण्याची शक्यता मोठी. बी.कॉम.ची मार्कशीट इव्हॅल्युएट करून घ्या; इंग्रजी किंवा एखादा सामान्य विषय सुटला तर सुटला, शास्त्राचा एकही सुटणार नाही. मग टीईएएस किंवा एचईएसआय ही प्रवेश परीक्षा, आणि जागा मोजक्या, त्यामुळे नुसता पास होण्यापुरता ग्रेड असून भागत नाही. शास्त्राचे क्रेडिट बऱ्याच कॉलेजांत पाच-सात वर्षांनी शिळे होतात, तेव्हा अर्ध्यावर सोडून ‘नंतर बघू’ असंही चालत नाही. एकूण साडेतीन वर्षं धरा, शेवटी एनसीएलईएक्स ही परवान्याची परीक्षा.

फी? काउंटीत राहणाऱ्यांना क्रेडिटला दोनशेच्या आसपास धरू. सत्तर क्रेडिट म्हणजे १४,०००. पुस्तकं, युनिफॉर्म, परीक्षा, लसी, बॅकग्राउंड चेक मिळून आणखी ३,०००. झाले सतरा. आणि ऑगस्टमधला राजीनामा? आधीचे विषय संध्याकाळी आणि शनिवारी करता येतात, त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. ती दीड वर्षं घरी बसून काढली तर हातात येणारे पन्नासएक हजार गेले. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! नोकरी सोडायची ती क्लिनिकल (हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण) सुरू होताना. तेव्हा सकाळी पावणेसातला वॉर्डात हजर राहायचं असतं आणि मुलांना बसपर्यंत सोडणं तुमच्याकडे येणार, याचीही तयारी ठेवा.

९५,००० बद्दल: २०२४ मध्ये देशभरातल्या आरएनचा मध्य पगार ९३,६०० होता, पण त्यात वीस-वीस वर्षं काम केलेल्या नर्सेस आल्या. पहिल्या वर्षी त्याखाली धरा, बहुधा रात्रपाळी. शिवाय बरीच मोठी हॉस्पिटलं बीएसएन (नर्सिंगची बॅचलर पदवी) मागतात, आणि नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ च्या कायद्याने नव्या आरएनला परवान्यापासून दहा वर्षांत बीएसएन करावंच लागतं. ते नोकरीत राहून करा, बरीच हॉस्पिटलं फीचा वाटा उचलतात.

पैसे असे फिरवा. आधी वीस वर्षांची दहा लाखांची टर्म पॉलिसी घ्या. तब्येत ठीक असेल तर महिना शंभरच्या आसपास. ती हातात आल्याशिवाय आययूएल बंद करू नका, मधल्या काळात विमा नाही असं एक दिवसही नको. मग आययूएल सरेंडर करा. त्या २४,००० मध्ये वहिनींची पूर्ण डिग्री होते आणि सात उरतात. हप्त्याच्या ९०० पैकी ३२५ ४०१(के)मध्ये टाकून ६ टक्के पुरे करा, शंभर तुमच्या टर्मला, पन्नास वहिनींच्या (त्यांच्या नावावर काहीच विमा नाही, हे तुम्ही लिहिलंही नाहीत), उरलेले मुलांच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं).

४०१(के)चं कर्ज का नको, हे आयटीतल्या माणसाला सांगायला नको: नोकरी गेली तर उरलेली रक्कम त्या वर्षाचा टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीत परत करावी लागते, नाहीतर तिच्यावर कर आणि वर दंड. पेल ग्रँटचा (सरकारी शिक्षण अनुदान) विचार सोडा, ती पदवीधरांना मिळत नाही, परदेशातली पदवीही सहसा मोजतात. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट (फीवरची करसवलत) मात्र घ्या, फीच्या २० टक्क्यांपर्यंत; दोघांचे पगार चालू असतील त्या वर्षी उत्पन्नाच्या मर्यादेमुळे कमी मिळेल.

या आठवड्यात दोन फोन करा. एक विमा कंपनीला, आजच्या सरेंडर व्हॅल्यूचा कागद मागवायला. मित्रामार्फत नको, थेट. दुसरा कॉलेजला, फॉलमध्ये केमिस्ट्रीचा संध्याकाळचा वर्ग आहे का ते विचारायला.