नवरात्र ते दिवाळी: शिष्यवृत्ती, युवक महोत्सव आणि हॉस्टेलमधले प्रश्न

गेल्या वर्षी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) माझा अर्ज मंजूर दिसत होता, पण पैसे आलेच नाहीत. बँकेत आधार जोडलेलं आहे. यंदा काय करू?
— बी.कॉम. तृतीय वर्ष, लातूर

बँकेत आधार जोडलेलं असलं म्हणजे त्या खात्यात सरकारी पैसे येतीलच असं नाही. आधार दिल्यावर केवायसी पूर्ण होतं. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र आधार क्रमांकावर पाठवतात, आणि त्या आधारासमोर एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत जे खातं असेल तिथे ती जाते. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. मोबाइलवर दोन मिनिटांत उघडलेल्या एखाद्या खात्याने ती स्वतःकडे ओढून घेतलेली असते आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ता नसतो. घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो.

आधी माय-आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' (आधारावरचे सरकारी पैसे कोणत्या बँकेत जातील याची नोंद) पाहा. तिथे बँकेचं नाव आणि नोंद चालू आहे की बंद, हे दिसतं. बँक भलतीच असेल तर आपल्या शाखेत जा आणि नेमक्या शब्दांत सांगा: 'डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांसाठी) एनपीसीआय सीडिंग करायचं आहे.' संमतीचा फॉर्म भरा, पोच घ्या, काही दिवसांनी स्टेटस पुन्हा पाहा. खातं शाळेत असताना काढलेलं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर ते मायनरमधून बदलून घेतलंय का, तेही विचारा.

आता यंदाच्या अर्जाबद्दल. तो आधी कॉलेजचा क्लार्क, मग प्राचार्य आणि त्यानंतर संबंधित विभागाचं कार्यालय अशा टप्प्यांनी पुढे जातो. कागदात खोट सापडली की तो 'सेंड बॅक' होऊन तुमच्याच लॉगिनमध्ये येऊन पडतो. मेसेज जुन्या नंबरवर जातो आणि मुदत निघून जाते. म्हणून फॉर्म भरला की काम संपलं असं मानू नका. दर सोमवारी लॉगिन करून स्थिती पाहा. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेला नाही ना, आधारावरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, हे दोन्ही आजच तपासा. नावातला फरक दुरुस्त व्हायला वेळ लागतो. दिवाळीची सुटी लागली की कार्यालयात कुणी भेटत नाही.

मुलगी इंजिनिअरिंगला आहे, प्रवर्ग एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास). मुलींची फी माफ म्हणतात, मग कॉलेज पैसे कसले मागतंय?
— एक पालक, बीड

२०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून (कॅपमधून) झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. वसतिगृह, मेस, विकास शुल्क हेही माफीत येत नाही. त्यामुळे कॉलेजकडून बाबवार तपशील असलेली पावती लेखी मागा. 'शिक्षण शुल्क' किंवा 'परीक्षा शुल्क' या ओळीसमोर रक्कम दिसली, तरच हरकत घ्यायला जागा आहे.

राहण्याच्या खर्चासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरलेली आहे: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. त्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. पात्र असूनही अर्ज न केलेली मुलं फार आहेत. हे पैसे त्यांच्या हक्काचे आहेत.

युवक महोत्सवात पहिल्यांदाच स्किट करतोय. कुठे चुकू शकतं?
— नाट्यमंडळ, कोल्हापूर

बहुतेक विद्यापीठं भारतीय विश्वविद्यालय संघाचेच नियम धरून चालतात: रंगमंचावर जास्तीत जास्त सहा जण आणि वेळ दहा मिनिटं. घड्याळ तुमच्या पहिल्या वाक्याला सुरू होत नाही. तुम्ही इशारा दिलात किंवा ओळख करून द्यायला लागलात की वेळ धरला जातो.

संहिता वाचताना दहा मिनिटांची वाटते, प्रयोगात हशा आणि टाळ्या धरून ती बारावर जाते. तालमीत साडेआठ मिनिटांत संपेल एवढी कापा. कापताना शेवटचा प्रसंग वाचवा, मधले विनोद घालवा. मुलं नेमकं उलटं करतात आणि शेवट घाईत गुंडाळला जातो. अश्लीलता आणि कुणाला बोचणारी शेरेबाजी नियमांनाच मान्य नाही, त्यामुळे एखाद्या जातीवर, बोलीवर किंवा व्यंगावर बेतलेला विनोद ठेवूच नका. तो नियमात बसला असता तरी वाईटच.

कागदांपैकी वयाचा पुरावा सगळ्यात आधी गोळा करा. १ जुलैला वय १७ ते २५ मध्ये लागतं. एक कलाकार अपात्र ठरला की सगळी बसवणूक ढासळते, म्हणून सातवा गडी तालमीत तयार ठेवा. बुडणाऱ्या तासांसाठी विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र महोत्सवाच्या आधी विभागात द्या. नंतर दिलेल्या पत्रावर वाद होतात.

'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी प्रकल्प मोठा आणि खर्चिकच हवा का?
— बी.एस्सी. द्वितीय वर्ष, जळगाव

मुळीच नाही. पदवीचा गट वेगळा असतो. तिथे परीक्षक पोस्टरसमोर मोजकी मिनिटं थांबतात आणि विचारतात, 'यात तुमचं काय?' त्याचं उत्तर एका वाक्यात देता यायला हवं. केळीच्या खोडाच्या धाग्यावर काम करायचं तर पाच शेतांवरून नमुने, प्रत्येकाची तीनदा मोजणी आणि तुलनेला एक साधा धागा, एवढं पुरतं. पोस्टर दोन मीटरवरून वाचता आलं पाहिजे. आलेख दोनच ठेवा. इंटरनेटवरून उचललेली चित्रं काढून टाका आणि प्रयोगाची वही सोबत न्या. कच्च्या नोंदी पाहिल्या की परीक्षकांचा विश्वास बसतो.

रूममेट महिनाभर धड जेवत नाही, रात्री जागतो, 'दिवाळीला घरी जाणार नाही' म्हणतो. मी काय करू?
— हॉस्टेलमधला विद्यार्थी, पुणे

एकांत बघून सरळ विचारा: 'झोप येत नाही का? जीव नकोसा झालाय का?' असं विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सल्ले देऊ नका, ऐका. त्याने होकार दिला तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, रेक्टरना लगेच कळवा आणि धोका वाटला तर ११२ फिरवा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन त्याने मागितलं तर देऊ नका.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मित्रासाठी तुम्हीही फोन करू शकता. घरी न जाण्यामागे निकाल, पैसा किंवा घरातली भांडणं असू शकतात. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ वर तक्रार करा. महाराष्ट्राच्या १९९९च्या कायद्याने संस्थाप्रमुखांना लेखी तक्रारीची सात दिवसांत चौकशी करावी लागते.

सुटीत मेस बंद होते, मजला रिकामा होतो, कॉलेजचे समुपदेशकही नसतात. म्हणून सुटी लागायच्या आठवडाभर आधी त्याच्यासोबत समुपदेशकांकडे जा, तो तयार असेल तर त्याला तुमच्या घरी चार दिवस बोलवा, आणि तो हॉस्टेलवरच राहिला तर रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी फोन करा.