ग्रीनच्या काठावर आधी एवढंच जमवा

गोल्फमध्ये चेंडू ग्रीनपासून (भोकाभोवतीच्या अगदी बारीक गवताच्या भागापासून) दोन-चार पावलांवर थांबला की लगेच सँड वेज (चेंडू उंच उडवणारा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) काढू नका. मधलं गवत बारीक कापलेलं असेल तर सरळ पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवणारा क्लब) घ्या. नाहीतर आठ नंबरचं आयर्न किंवा पिचिंग वेज, म्हणजे सँड वेजपेक्षा चेंडू कमी उंच उडवणारे क्लब. चेंडू हवेत कमी, जमिनीवर जास्त, हे सूत्र धरा.

- पाय जवळ, वजन पुढच्या पायावर, तेही शेवटपर्यंत.
- चेंडू कुठे टेकवायचा ते आधी ठरवा. ग्रीनच्या आत एखादं पाऊल पुरे. नजर भोकातल्या झेंड्यावर नको, त्या जागेवर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चेंडू उचलायला जाणं. मनगट वळतं, वजन मागे सरकतं, मग क्लब चेंडूआधीच जमिनीत रुततो किंवा त्याची कड चेंडूच्या मध्यावर बसते आणि चेंडू थेट ग्रीनपार. उचलायचं काम क्लबच्या तिरक्या तोंडाचं आहे, तुमचं नाही. दुसरी चूक, क्लब मागे लांब नेऊन ऐनवेळी हात आखडता घेणं. मागे थोडाच न्या, पण बिचकू नका.

फ्लॉप शॉट (चेंडू खूप उंच उडवून अलगद पाडणं), स्पिन (चेंडूला फिरकी देणं) वगैरे सध्या राहू द्या. एकच क्लब घ्या, चेंडू टेकायच्या जागी टॉवेल अंथरा आणि त्यावर पाडत राहा. नक्की जमेल तुम्हाला.