पगार वाढला की माणूस जास्त काम करतो की कमी?
दोन्ही होऊ शकतं. समजा तासाला १०० रुपये मिळतायत, म्हणजे घरी आरामात घालवलेला एक तास तुम्हाला १०० रुपयांना पडतो, रेट २०० झाला की तोच तास २०० ला पडायला लागतो, मग वाटतं चला अजून दोन तास काढू, याला प्रतिस्थापन परिणाम म्हणतात. पण त्याच वेळी खिशात पैसे जास्त आल्यामुळे वाटतं की आता बास, जरा पोरांसोबत बसू, हा उत्पन्न परिणाम. दुसरा भारी पडला की पगार वाढूनही कामाचे तास कमी होतात, अर्थशास्त्राच्या पुस्तकात पगार आणि कामाचे तास दाखवणारा तो मागे वळणारा वक्र असतो ना, तो हाच.

ओव्हरटाइमचं मात्र वेगळं आहे. कारखान्यांसाठीच्या कायद्यात दुप्पट रेट आहे पण फक्त जादा तासांना, आधीच्या तासांचा पगार तोच राहतो, म्हणून 'आता बास' हे फीलिंग कमी येतं आणि लोक जास्त वेळ कामाला थांबतात.

आणि प्रवास धरा हो! विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याचे ते तास ना कामात ना आरामात, नवीन नोकरीचा तासाचा रेट काढताना ते आधी कामाच्या तासांत मिळवा, मग बघा आकडा किती खाली येतो.