अर्थिंगचा लाल दिवा वायरमन ‘अ‍ॅडजस्ट’ करून देतो म्हणतोय, करू द्यावं का?

तुमचा मूळ प्रश्न असा आहे की इलेक्ट्रिक गाडीसाठी घरी ३.३ किलोवॅटचा चार्जर पुरेल की भिंतीवरचा ७.४ किलोवॅटचा बसवावा. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की गाडीसोबत आलेला चार्जर लावला की अर्थिंगचा लाल दिवा लागतो आणि वायरमन म्हणतो, तेवढं अ‍ॅडजस्ट करून देतो. मी त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलेय. किलोवॅटचं नंतर.

करू देऊ नका. तो काय करणार आहे ते मी पाहिलंय. सॉकेट उघडून न्यूट्रलच्या (वीज परत जाते त्या तारेच्या) स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर वायरचा लूप मारणार. न्यूट्रल मागे कुठेतरी जमिनीला जोडलेलाच असतो, त्यामुळे चार्जरला वाटतं अर्थ मिळाला. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज व्हायला लागते आणि सगळे खूश होतात.

आमच्याकडे हेच झालं. गाडी आली त्या दिवशी मी ऑफिसात होते. सकाळी पुस्तिका वाचून दादाला सांगितलं होतं की लाल दिवा म्हणजे घराचं अर्थिंग नीट नाही, जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत तपासायला लागेल. तो म्हणाला, ‘तो कागद कंपनी स्वतःची मान सोडवायला छापते. गिझर चालतो ना याच घरात?’ संध्याकाळी आले तर हिरवा दिवा. मी एका शब्दाने विचारलं नाही की हा हिरवा झाला कसा. ती चूक माझी आणि तिचं मला अजून वाईट वाटतं.

चार महिने काही झालं नाही. मग एका संध्याकाळी पार्किंगमधला दिवा गेला आणि चार्जरही बंद पडला, दोन्ही एकाच लाइनवर. आम्हाला वाटलं वीज गेली. आई डिकीतून पिशव्या काढायला गेली. फरशी नुकतीच धुतलेली, आई अनवाणी. डिकीच्या कुलपाची लोखंडी कडी असते ना, तिला तिचा हात लागला आणि ती मागे फेकली गेली. उठवलं तेव्हा उजवा हात खांद्यापर्यंत बधिर होता. मी टेस्टर आणून त्या कडीला लावला. टेस्टर पेटला. मग चाकाच्या नटला लावला, तिथेही पेटला. अख्खी गाडी फेजवर, म्हणजे चालू विजेच्या तारेवर, उभी होती.

त्या लाइनचा न्यूट्रल बोर्डात जळून सुटला होता. न्यूट्रल सुटला की फेज दिव्यातून न्यूट्रलच्या वायरीवर येतो, तिथून त्या लूपवरून अर्थच्या पिनेत, आणि अर्थची पिन चार्जिंगच्या केबलमधून थेट गाडीच्या पत्र्याला जोडलेली. खाली चार रबरी टायर, म्हणजे करंटला जमिनीत जायला दुसरी वाटच नाही. जो हात लावेल तोच वाट होतो. एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडला नाही, कारण एमसीबीला जादा करंट कळतो, हे नाही. आरसीसीबी, म्हणजे वीज गळतेय हे ओळखून लाइन तोडणारा स्विच, त्या लाइनवर नव्हताच. आणि नीट समजून घ्या: खरा अर्थ असेल तर आरसीसीबी माणसाचा हात लागायच्या आधी पडतो. अर्थ नसेल तर हात लागल्यावर पडतो.

दादा आजही म्हणतो, न्यूट्रल सुटणं हा योगायोग होता. मुळीच नाही. गिझर वीस मिनिटं चालून बंद होतो. गाडी आठ-आठ तास सलग १४-१५ अँपिअर ओढते, रोज. स्क्रूखाली वायर किंचित सैल असेल आणि तिथे ०.१ ओहमचा अडथळा असेल, तर १५ अँपिअरला त्या एका ठिकाणी २२ वॅट उष्णता निघते. लहान सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचं असतं. रात्री तापायचं, सकाळी गार व्हायचं, प्रत्येक वेळी जोड अजून थोडा सैल. म्हणजे ज्या लोडसाठी अर्थ हवा, तोच लोड न्यूट्रल तोडतो. म्हणून हा लूप पंख्याच्या सॉकेटमध्ये वाईट, पण चार्जरच्या सॉकेटमध्ये भयंकर.

आमचा खरा दोष शेवटी अर्थिंगच्या खड्ड्यात निघाला. पाइपावरचा बोल्ट गंजून गेलेला, वायर हाताने ओढली तशी निघून आली. दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. दादाचा अर्धा दिवस वाचावा म्हणून आईने तो झटका खाल्ला, मी तरी असंच मानते.

तुमच्याकडे आधीच कोणी लूप मारलाय का हे तपासायचं असेल तर त्याच लाइनवर इस्त्रीसारखं जड काहीतरी चालू करून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. अर्थ वेगळा आणि शाबूत असेल तर लोडवर एक-दोन व्होल्ट दिसतात. लोड असूनही शून्याच्या शून्यच दिसत असेल तर सॉकेट उघडायला लावा. पन्नास-साठ व्होल्ट दिसले तर अर्थ तुटलेला आहे.

आता तुमचा प्रश्न. आधी गाडीची पुस्तिका बघा. भिंतीवरचा डबा हा खरं तर चार्जर नसतो, तो शहाणा स्विच असतो. एसीचं डीसी करणारा चार्जर गाडीच्या आत बसलेला असतो. तो ३.३ चा असेल तर ७.४ चा डबा लावूनही गाडी ३.३ च घेणार. आठ तासांत साधारण २५ युनिट जातात, लहान गाडीला दीडशे किलोमीटरला पुरेसे. रोज तेवढं फिरत नसाल तर ७.४ च्या मागे लागू नका. घ्यायचाच असेल तर ३२ अँपिअर सलग धरून बोर्डापासून स्वतंत्र लाइन, तांब्याची निदान ६ चौरस मिमी वायर, अंतर जास्त असेल तर १०. आणि वायरमन टर्मिनलमध्ये वायर बसत नाही म्हणून तारा कापताना दिसला तर तिथेच थांबवा. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा, टाइप ए, आणि डब्यात ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय आहे का ते विचारा. नसेल तर डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी घ्यावा लागतो, कारण गाडीच्या डीसी गळतीने साधा आरसीसीबी आंधळा होतो.

तोवर सॉकेटवरच भागवायचं असेल तर, अर्थ दुरुस्त झाल्यावर, गाडीत करंट कमी करता येतो का पाहा. १६ चा ८ केला तर जोडावरची उष्णता निम्मी नाही, पाव होते.

एक सांगायचं राहिलं. काही ठिकाणी वीज कंपनी स्वतःच मीटरपाशी न्यूट्रल आणि अर्थ जोडून देते. ती वेगळी, रीतसर पद्धत आहे, तिचे वेगळे नियम आहेत. तिचा दाखला देऊन कोणी सॉकेटमध्ये लूप मारत असेल तर ऐकू नका. आणि वर लिहिलेली मापं नीट माहितगार माणसाकडूनच करून घ्या, चालू बोर्डात स्वतः हात घालू नका.

दादा हे वाचेलच. दादा, त्या न्यूट्रलचं टोक मी कापून ठेवलंय, येऊन बघ. स्क्रूच्या बाजूने बोटभर इन्सुलेशन करपलंय आणि तांबं काळं पडलंय. एवढं करपायला चार महिन्यांच्या रात्री लागल्या.