पॉस्च्युमसमधला एच कुठून आला?

प्रश्न: लेखक गेल्यावर त्याचं पुस्तक छापून आलं की इंग्रजीत पॉस्च्युमस (posthumous) लिहितात. मी तो पोस्ट-ह्युमस असा वाचतो. खरा उच्चार काय? आणि यातलं ह्युमस म्हणजे मातीच ना, पुरल्यानंतरचं अशा अर्थाने?

उत्तर: उच्चार पॉस्च्युमस, अमेरिकेत पॉस्चमस, जोर सुरुवातीला आणि एच सायलेंट. मातीचा तर्क तुम्ही केलात तसाच पूर्वी लॅटिन लिहिणाऱ्यांनीही केला आणि त्यातूनच हा एच शब्दात घुसला! मुळात लॅटिन शब्द पोस्तुमुस, त्यात एच नव्हताच आणि अर्थ एवढाच की सगळ्यात शेवटचा. मग शेवटचं मूल, आणि बाप गेल्यावर जन्मलेलं मूल तर त्याचं शेवटचंच असणार, म्हणून तोच अर्थ चिकटला, आणि एकदा मरणाशी नातं जुळल्यावर लोकांना त्यात माती दिसायला लागली.

ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा इ.स.पू. १२ मध्ये वारला, त्याच्यामागे झालेल्या मुलाचं नावच अग्रिप्पा पोस्तुमुस. फ्रान्सच्या पहिल्या जाँची गोष्ट तर फार वाईट, वडील दहावा लुई जून १३१६ मध्ये गेले, हा नोव्हेंबरात जन्मला तो राजा म्हणूनच आणि जेमतेम पाच दिवस जगला बिचारा. इतिहासात त्याला जाँ द पॉस्च्युमस म्हणतात.

आज मुलांपेक्षा पुस्तकं, पुरस्कार यांनाच हा शब्द जास्त लागतो, आपलं मरणोत्तर तेच. १९६१ चं शांततेचं नोबेल संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हमरशोल्ड यांना असंच पॉस्च्युमसली मिळालं, ते त्याच सप्टेंबरात विमान अपघातात गेले होते. १९७४ पासून मात्र नोबेल मरणोत्तर देत नाहीत, घोषणेनंतर कोणी गेलं तरच ते कायम राहतं. तरी २०११ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेले राल्फ स्टाइनमन घोषणेच्या तीनच दिवस आधी वारले होते, समितीला ते माहीत नव्हतं, आणि पुरस्कार त्यांच्याच नावावर ठेवला, जे मला अगदी योग्य वाटतं.

वापरताना एवढं बघा, की गेलेल्या माणसाला पॉस्च्युमस म्हणायचं नाही, तिथे लेट. पॉस्च्युमस कवी नाही, कवितासंग्रह पॉस्च्युमस.