राजीनाम्यावर सही करण्याआधी हिशेब बघा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. भोसरीतली कंपनी, 7 वर्षं 8 महिन्यांची नोकरी आणि एचआरचा तगादा: ‘शुक्रवारपर्यंत राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू.’ मी इथेच फसलो होतो, म्हणून ठासून सांगतो, राजीनामा लिहून देऊ नका.

बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 26,000 धरा. 6 महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे 8 वर्षं. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, 26,000 × 15 ÷ 26 × 8 = 1,20,000. ती राजीनामा दिला तरी तुमचीच आहे. एचआर नेमकी तीच ‘पॅकेज’ म्हणून पुढे करतं. राजीनामा न घेता कंपनीने कामगार कपात दाखवली, तर शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे साधारण 1,04,000, आणि महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी 26,000. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू असलेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीचा (कपात झालेल्याला नवं काम शिकण्यासाठीचा) आणखी 15 दिवसांचा पगारही आहे, तो 45 दिवसांत खात्यात यायला हवा. ‘स्वेच्छेने’ हा एक शब्द लिहिलात की ग्रॅच्युइटी सोडून बाकी सगळं बुडतं.

आजच ईमेल करा: ‘मी राजीनामा देत नाही. कपात करायची असेल तर कारणासह लेखी नोटीस द्यावी.’ सही आधीच झाली असेल, तर कंपनीने राजीनामा स्वीकारण्याआधी तो लेखी मागे घ्या. तासाभराचा उशीरही नको.

कामगार कार्यालयात तोंडी तक्रार करू नका. ‘राजीनामा दिलाय ना, मग इथे काही होत नाही’ एवढंच ऐकून परत यावं लागतं, आणि तुम्ही गेला होतात याची कुठे नोंदही राहत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. समेटाचा, म्हणजे अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंत तडजोड घडवावी असा, अर्ज करून 45 दिवस उलटले की थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं. मात्र नोकरी गेल्यापासून 2 वर्षांच्या आत.

मी वकील नाही. तुम्ही ‘कामगार’ ठरता का, हे हुद्द्यावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. पर्यवेक्षकाचं काम आणि पगार 18,000 च्या वर असेल, तर आधी वकिलाला विचारा.

आणि पगाराच्या स्लिपा, हजेरीचा तपशील आज रात्रीच उतरवून घ्या. कंपनीचा मेल बंद व्हायला वेळ लागत नाही.